रूप आणि सोय: गाडी व घरातील सामान कसे पारखावे

शोरूममधील गाडी किंवा दुकानात मांडलेला सोफा आपण फार तर अर्धा तास पाहतो आणि पुढे ती वस्तू दहा-बारा वर्षे वापरतो. त्या अर्ध्या तासात रूप पूर्णपणे दिसते. सोय मात्र थकून घरी आल्यावर, पावसात सामान भरताना किंवा झाडलोट करताना, म्हणजे वापराच्या ओघातच कळते. निवडीच्या क्षणी रूपाचे पारडे जड होते ते याच कारणाने. रूपाला महत्त्व देऊच नये, असे मला म्हणायचे नाही. जी वस्तू रोज नजरेसमोर असते ती आवडत नसेल, तर तिची निगा राखण्याचा उत्साह उरत नाही, आणि निगा न राखलेली वस्तू कितीही सोयीची असली तरी लवकर खराब होते. म्हणून वस्तूच्या कोणत्या भागात कशाला आधी मान द्यायचा, हे ठरवणे महत्त्वाचे आहे.

त्यासाठी मी एकच कसोटी वापरतो. घेतल्यानंतर जो भाग बदलता येणार नाही, तेथे सोय आधी पाहावी. जो भाग पुढे बदलता येईल, तेथे रूपाला मोकळीक द्यावी. गाडीच्या छपराचा उतार, खिडक्यांची उंची, मागच्या दाराची रुंदी, डिक्कीच्या कडेची जमिनीपासूनची उंची या गोष्टी कारखान्यात ठरतात आणि तशाच राहतात. सीटकव्हर, रिम, आतील सजावट आणि काही अंशी बाहेरचा रंगही बदलता येतो. सोफ्याच्या बाबतीत बैठकीची उंची व खोली, चौकटीचे लाकूड आणि सांधे कायमचे असतात. कापड, उशा आणि कित्येकदा आतील फोमसुद्धा नवा घालता येतो.

ही कसोटी मला एका सोफ्याने शिकवली. तो अतिशय देखणा होता, ठेंगणा आणि ऐसपैस. बैठक जमिनीपासून ३६ सेंटिमीटर उंच आणि ६८ सेंटिमीटर खोल. घरी आल्यावर लक्षात आले की, आईला त्यावर पाठ टेकून बसले की पाय जमिनीला लागत नाहीत आणि पुढे सरकून बसले की उठताना हाताचा आधार मिळत नाही. पाठीमागे उशा ठेवून पाहिल्या, पायांखाली सुताराकडून ठोकळे बसवून घेतले. त्याने उंची थोडी वाढली, पण बैठकीची खोली होती तशीच राहिली. हळूहळू आई जेवणाच्या टेबलापाशी असलेल्या साध्या खुर्चीवर बसू लागली. खोलीतील सर्वांत सुंदर वस्तू घरातील सर्वांत थकलेल्या माणसाच्या उपयोगाची नव्हती, याची खंत मला आजही वाटते.

आधी आपला वापर टिपून घ्यावा

खरेदीला निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे, सध्या जी वस्तू वापरात आहे तिचा वापर वहीत टिपावा. गाडीत कितीदा एकच माणूस होता, कितीदा मागच्या सीटवर कोणी बसले, डिक्कीत काय ठेवले, गाडी उभी करताना कोठे अडचण झाली. सोफ्यावर कोण बसते, कोण आडवे होते, कोण त्यावर लॅपटॉप घेऊन काम करते, हे सर्व लिहून ठेवावे. आपण आठवणीवर विसंबलो की वर्षातून दोनदा येणारा प्रसंग मोठा वाटतो आणि रोजचा प्रसंग नजरेआड होतो.

येथे एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तिची चर्चा क्वचितच होते. सोयीच्या नावाखाली आपण पुष्कळदा रूपच विकत घेत असतो. डोंगरवाटांसाठी बनवलेली उंच, अवजड गाडी घेणारा माणूस ‘कधीतरी उपयोगी पडेल’ असे म्हणतो. पण वहीत पाहिले तर तो रोज सपाट रस्त्याने एकटाच कामावर जातो आणि त्या गाडीचा रांगडेपणा हाच त्याला आवडलेला असतो. आवड असणे गैर नाही, पण तिला सोयीच्या रकान्यात मांडले की हिशेब चुकतो. अशा गाडीची किंमत रोज मोजावी लागते. हवेचा अवरोध वाहनाच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेले की तो सव्वादोन पट होतो, आणि उंच-रुंद गाडीत समोरचे क्षेत्रफळ मुळातच अधिक असते. घरातही हेच घडते. वर्षातून चार रात्री येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतलेला सोफा-कम-बेड उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांत कडक सोफा म्हणून वापरावा लागतो. क्वचित लागणारी सोय भाड्याने, उसनवारीने किंवा घडीच्या गादीने भागवता येत असेल, तर तिच्यासाठी रोजची बैठक बिघडवू नये.

गाडी पाहताना

गाडी पाहायला एकट्याने जाऊ नये. जे लोक तिच्यात बसणार आहेत त्यांना आणि जे सामान नेहमी न्यावे लागते त्याला बरोबर न्यावे. प्रथम चालकाची सीट आपल्या उंचीनुसार लावावी आणि मग उतरून त्याच सीटच्या मागे बसावे. मागे उतरत्या छपराची गाडी बाहेरून फार डौलदार दिसते, पण तो उतार मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरची जागा घेतो, मागची काच अरुंद करतो आणि डिक्कीचे तोंडही लहान करतो. लहान मूल असल्यास त्याची सीट प्रत्यक्ष बसवून पाहावी, आणि ती बसवताना आपली पाठ किती वाकते याकडेही लक्ष द्यावे. काचेचे मोठे सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीमुळे डोक्यावरची जागा काही सेंटिमीटरने कमी होते. ज्या मॉडेलमध्ये ते ऐच्छिक असते तेथे दोन्ही प्रकारांत बसून फरक पाहावा.

डिक्कीचे माप लिटरमध्ये सांगितले जाते, पण तो आकडा पुरेसा नाही. सामान ज्या कडेवरून उचलून आत ठेवायचे ती कड किती उंच आहे, तोंड किती रुंद आहे, चाकांच्या कमानी आत किती आल्या आहेत, हे टेपने मोजावे. जड वस्तू रोज उचलणाऱ्या माणसासाठी कडेची उंची लिटरच्या आकड्यापेक्षा अधिक मोलाची असते.

चाकांच्या बाबतीत थोडा हिशेब केल्यास बरेच काही उमगते. टायरवर ‘२०५/५५ आर १६’ असे लिहिलेले असेल, तर २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ हे त्या रुंदीशी टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण आणि १६ हा रिमचा इंचातील व्यास. म्हणजे भिंतीची उंची सुमारे ११३ मिलिमीटर. त्याच्या जागी ‘२२५/४० आर १८’ आले, तर चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, पण भिंत ९० मिलिमीटरवर येते. मोठी रिम उठून दिसते हे खरे. मात्र खड्ड्याचा दणका शोषणारा रबर आणि हवेचा थर सुमारे दोन सेंटिमीटरने पातळ झालेला असतो. परिणामी धक्के अधिक जाणवतात आणि रिम वाकण्याची किंवा टायर फुगण्याची शक्यता वाढते. चाके बदलता येतात, त्यामुळे आपल्या कसोटीनुसार येथे रूपाला मोकळीक मिळते. परंतु रस्ते खराब असतील तर ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॅशबोर्डवर एकच मोठा पडदा आणि एकही बटण नाही, ही मांडणी स्वच्छ दिसते. पण बटण बोटांना न पाहता सापडते, पडद्यावरच्या चित्रासाठी मात्र रस्त्यावरची नजर काढावी लागते. युरोपातील वाहनसुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून सर्वोच्च मानांकनासाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची कळ यांना स्वतंत्र, हाताला लागणारी नियंत्रणे असावीत, अशी भूमिका घेतली ती याच कारणाने. चाचणी फेरीत गाडी उभी असतानाच काचेवरचे धुके घालवणे, तापमान बदलणे आणि आवाज कमी करणे ही तीन कामे नजर समोर ठेवून करून पाहावीत. हा भागही पुढे बदलता येत नाही.

रंगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. काळ्या रंगावर धुण्याचे बारीक ओरखडे उठून दिसतात, मॅट रंगाला पॉलिश करता येत नाही आणि फिकट रंग उन्हात कमी तापतो. हे मान्य असेल तर मन मानेल तो रंग घ्यावा.

घरातील सामान पाहताना

बैठकीच्या वस्तूंची पारख शरीराने करावी. सरळ बसण्यासाठी साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची आणि ५० ते ५५ सेंटिमीटर खोलीची बैठक बहुतेक प्रौढांना जमते; ६० च्या पुढची खोली मुख्यतः पाय वर घेऊन रेलणाऱ्यांसाठी असते. दुकानात निदान वीस मिनिटे बसावे, आणि हात न टेकता उठता येते का हे घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला करून पाहायला सांगावे. जेवणाच्या टेबलाची उंची ७३ ते ७६ सेंटिमीटर असावी, खुर्चीची बैठक आणि टेबलाची फळी यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर राहावे, प्रत्येकाला ६० सेंटिमीटर रुंदी मिळावी आणि खुर्चीमागून माणूस जाण्यासाठी ९० सेंटिमीटर मोकळे असावेत. टेबलाचे पाय कोठे येतात तेही पाहावे, कारण चारही कोपऱ्यांत जाड पाय असलेल्या देखण्या टेबलाशी कडेच्या माणसाचे गुडघे रोज अडखळतात.

वस्तू आणण्यापूर्वी तिच्या मापाचे वर्तमानपत्र जमिनीवर अंथरून दोन दिवस त्याभोवती वावरावे. आराखड्यावर बसणारी वस्तू चालण्याच्या वाटेत येते की नाही, हे यातूनच नीट समजते. जिना, दार आणि वळण यांची मापेही त्याच वेळी घ्यावीत.

साहित्याच्या बाबतीत वरवरचे रूप आणि आतील गाभा यांतला फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. फोमची घनता दर घनमीटर किलोमध्ये मोजतात. बैठकीसाठी ३२ ते ४० घनतेचा फोम आकार टिकवतो, हलका फोम लवकर दबतो. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दोन्ही विचारावे. कापडाचा टिकाऊपणा मार्टिनडेल चाचणीत घासण्याच्या फेऱ्यांत सांगतात, आणि घरातील रोजच्या वापरासाठी २०,००० ते ३०,००० फेऱ्यांचे कापड योग्य ठरते. अस्सल लाकूड हवेतील ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, पण त्यावरचा ओरखडा घासून काढता येतो. व्हीनिअरचा, म्हणजे बोर्डावर चिकटवलेल्या लाकडी पापुद्र्याचा, थर बहुधा मिलिमीटरपेक्षाही पातळ असल्याने त्याला तशी संधी नसते. आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे दाबून बनवलेली फळी, पाण्याने एकदा फुगला की पूर्ववत होत नाही. संगमरवर मुळात कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आंबट पदार्थ सांडला की त्याची चकाकी त्या जागी जाते. ओट्यासाठी तो घेऊ नये. कोपऱ्यातील छोट्या टेबलावर तो शोभून दिसतो आणि टिकतोही.

कापडाचा तुकडा दुकानाच्या दिव्याखाली पसंत करू नये. तो घरी आणून दिवसा खिडकीशी आणि रात्री आपल्याच दिव्याखाली पाहावा, कारण एकच रंग दोन प्रकाशांत दोन वेगळे रंग वाटू शकतो.

रूप आणि सोय एकाच मुळातून येतात तेव्हा

काही वस्तूंमध्ये निवडीचा हा पेच पडतच नाही. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये काढलेली १४ क्रमांकाची खुर्ची वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या सहा तुकड्यांची, दहा स्क्रूंची आणि दोन नटांची होती. सुटी केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. तिची नाजूक वळणे लाकूड वाफेने वाकवण्याच्या पद्धतीतून आली आणि ती आजही जुनाट वाटत नाहीत. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, ब्रिटिश वाहन-अभियंते अॅलेक इसिगोनिस यांनी सुमारे तीन मीटर लांबीच्या मिनी गाडीत इंजिन आडवे बसवून जमिनीचा बहुतांश भाग माणसांसाठी व सामानासाठी मोकळा केला, आणि तिचे गोंडस रूप या काटकसरीतूनच घडले. त्याच वर्षीच्या कॅडिलॅक या अमेरिकी गाडीला मागे उंच पंख होते. ते शोभेचेच होते आणि काही वर्षांतच त्यांची पद्धत मावळली. म्हणून एखाद्या आकाराने मोह घातला, तर तो आकार कोणते काम करतो हे विक्रेत्याला विचारावे.

आवडीसाठी सोय सोडायची असेल तर

इतके करूनही एखादी गैरसोयीची वस्तू मनात भरते. तेव्हा ती घ्यावी, पण गैरसोय कागदावर स्पष्ट लिहून: ‘मागच्या सीटवर उंच माणसाला त्रास होईल’, ‘ही काच दररोज पुसावी लागेल’. एका वस्तूत अशी एकच सवलत द्यावी, कारण दोन-तीन गैरसोयी एकत्र आल्या की त्या एकमेकींना वाढवतात. ती गैरसोय कोण सोसणार आहे, हेही पाहावे. पुसणारा वेगळा आणि कौतुक ऐकणारा वेगळा असेल, तर पुसणाऱ्याची संमती आधी घ्यावी. तो नको म्हणाला तर ती वस्तू घेऊ नये.

खरेदी झाल्यावर गाडीच्या रंगाचा कोड, जो पुष्कळदा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो, आणि सोफ्याच्या कापडाचे नाव, क्रमांक व लागलेली लांबी वहीत उतरवून ठेवावी. दुकानातून मीटरभर कापड जादा मागून घ्यावे. पुढे एखादी उशी फाटली किंवा दारावर ओरखडा उठला, तर दुरुस्तीसाठी पहिल्यांदा याच गोष्टी लागतात.