फ्लॅट ठोकताना या चुका टाळा

नाटकातला फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली नेपथ्याची भिंत. टिंबर मार्केटमधून रिपा, म्हणजे चौकटीच्या लाकडी पट्ट्या, आल्या रे आल्या की हातोडी उचलणारी पोरं मी दर वर्षी बघतो. प्रयोग तोंडावर आलेला असतो, मान्य आहे. पण गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) न लावता ठोकलेली चौकट पुढे कशानेच सरळ होत नाही.

एका एकांकिकेत तीन फ्लॅट जोडून वाड्याची भिंत करायची होती. कोपरे आम्ही नजरेनेच जुळवले. भरत नाट्य मंदिरात उभे केले तर खाली जोड घट्ट आणि वर बोटभर फट. मागचा दिवा लागला की भिंतीतून उजेडाची रेघ! तिसरी घंटा व्हायच्या आत शिडीवर चढून फटीवर मांजरपाटाची पट्टी चिकटवली, वरून रंग मारला. तो ओला डाग शेवटच्या प्रवेशापर्यंत दिसत राहिला.

तेव्हापासून मी चौकट सपाट फरशीवर मांडतो, प्रत्येक कोपऱ्यात एकच स्क्रू मारतो आणि दोन्ही कर्ण टेपने मोजतो. ८ बाय ४ फुटांच्या फ्लॅटचा कर्ण ८ फूट सव्वाअकरा इंचांच्या किंचित वर येतो. दोन्ही मापं सारखी आली, म्हणजे कोपरे काटकोनात बसले, की मगच मागून प्लायचे त्रिकोण, तेही कडेपासून पाऊण इंच आत, म्हणजे शेजारचा फ्लॅट काटकोनात नीट भिडतो. याला पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर सरळ काळा पडदा लावा.

दुसरी चूक कापडाची. कोरा मांजरपाट ढोलकीसारखा ताणतात. वरून खळीचा हात बसला की कापड आटतं आणि चौकट पिळते. मधोमध तळहात ठेवल्यावर कापड थोडं दबलं पाहिजे, उरलेला ताण खळ देते. मधल्या आडव्या पट्टीला फेव्हिकॉल लावू नका, रंगानंतर तिथे रेघ उमटते.

रिप घेताना एका टोकाला डोळा लावून बघा, वाकडी असेल तर दुकानातच ठेवा. नुसत्या खिळ्यांवर भरवसा नको, उचल-ठेव करताना ते ढिले होतात. टेकूवर वाळूची पोती हवीतच, माणूस धरून उभा करणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची तयारी ऐन पावसाळ्यात असते, तेव्हा रंगाला एक दिवस जास्त द्या आणि फ्लॅट भिंतीला टेकवून नाही, आडवे ठेवून वाळवा.

आणि पहिली रिप कापायच्या आधी टेम्पोचा हौदा आणि नाट्यगृहाचं मागचं दार स्वतः जाऊन मोजून या.