एक रेषा आणि अनेक कोन : लॅम्बटनच्या पद्धतीने अंतर कसे काढावे

ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे ज्या रीतीने भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला, ती रीत आजही शाळेच्या पटांगणात करून पाहता येते. एकच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि पुढची अंतरे कोनांवरून काढायची, एवढेच तिचे मर्म आहे.

सपाट जागी ३० मीटर अंतरावर ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन खुंट्या ठोकाव्यात. टेप झोळ न पडता ताणावी आणि अंतर दोन्ही दिशांनी मोजावे. या पायारेषेत, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या रेषेत, राहिलेली चूक पुढच्या प्रत्येक अंतरात उतरते, म्हणून येथे घाई मुळीच करू नये. लॅम्बटनची पायारेषा सुमारे १२ किलोमीटरची होती आणि ती मोजण्यासाठी १०० फुटांची पोलादी साखळी सुमारे ४०० वेळा मांडावी लागली. १० अंश सेल्सिअसने तापल्यावर अशी साखळी साडेतीन मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. ही वाढ ४०० वेळा साचली, तर जवळजवळ दीड मीटरचा फरक पडतो. म्हणूनच साखळी लाकडी पन्हळींत, तंबूच्या सावलीत ठेवून तिचे तापमान नोंदवले जाई.

कोन मोजण्यासाठी फळीवर मोठी अंशांकित तबकडी बसवून तिच्या मध्यावर फिरणारी नळी लावावी. फळी पाणसळीने समतल करावी आणि तबकडीचा मध्य ओळंब्याने खुंटीच्या नेमका वर आणावा. ‘अ’वरून आधी ‘ब’ खुंटी, मग ज्याचे अंतर काढायचे तो दूरचा बिंदू, समजा ध्वजस्तंभ, पाहून दोन वाचनांतील फरक घ्यावा. नंतर तबकडी थोडी फिरवून तेच पुन्हा करावे आणि सरासरी काढावी, म्हणजे अंशांच्या खुणांतील असमानता बरीच झाकली जाते. तसेच ‘ब’वरूनही करावे. लॅम्बटनचे थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र, सुमारे अर्ध्या टनाचे होते आणि त्याच्या तीन फुटी वर्तुळावरील खुणा सूक्ष्मदर्शकांतून वाचल्या जात. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते भिंतीवर आदळून वर्तुळ वाकले, तेव्हा ते पूर्ववत करण्यासाठी त्याने कित्येक आठवडे जे परिश्रम घेतले, ते मला या साऱ्या मोजणीतील सर्वांत आदरणीय काम वाटते.

आता ‘अ’चा कोन ७२ अंश आणि ‘ब’चा ८१ अंश आला असे धरू. तिसरा कोन २७ अंश होतो आणि ‘अ’पासून ध्वजस्तंभाचे अंतर ३० × साइन ८१ ÷ साइन २७, म्हणजे सुमारे ६५.३ मीटर निघते. ‘ब’चा कोन चुकून ८२ अंश वाचला, तर हेच उत्तर ६७.८ मीटर येते. दोन्ही कोन ६० अंशांचे असते, तर तेवढ्याच चुकीने फरक सुमारे ६० सेंटिमीटर पडला असता; म्हणून तिसरा कोन फार अरुंद होईल असे बिंदू निवडू नयेत.

ध्वजस्तंभापाशी जाऊन तिसरा कोनही मोजावा. तिन्हींची बेरीज १८० अंश न आल्यास दोष वाचनाचा आहे. मैलोगणती पसरलेल्या त्रिकोणांत मात्र पृथ्वीच्या गोलाईमुळे ती किंचित जास्तच येते. त्यानंतर ‘अ’ ते ध्वजस्तंभ ही नवी पायारेषा धरून पुढचा त्रिकोण उभारावा आणि काही त्रिकोणांनंतर एक बाजू टेपने मोजून गणिताशी ताडून पाहावी. लॅम्बटन १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे निवर्तला. पुढे त्याच्यानंतर मोजणीचा प्रमुख झालेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात, १८४१ मध्ये, बीदर येथे पायारेषा मोजली गेली, ती अशाच पडताळणीसाठी.