हॉटेलात किती मागवावं? टेबलावर काही न उरवता जेवून उठण्याची रीत

मेन्यूकार्ड उघडतं तेव्हा सगळे भुकेलेले असतात, वेटर वही काढून उभा असतो आणि बिल ज्याला द्यायचंय त्याच्या मनात एकच धाकधूक असते: कमी पडलं तर? त्या पाच मिनिटांत आपण जे सांगतो, त्यावरच शेवटी किती उरणार हे ठरून जातं.

मागे आमच्या घरातल्या एका वाढदिवसाला सहा माणसांसाठी पाच भाज्या, दोन डाळी आणि दोन बिर्याण्या आल्या होत्या. आम्ही उठलो तेव्हा एक बिर्याणी जवळजवळ अख्खी होती, तीन भांड्यांत अर्धीअर्धी पनीरची भाजी होती आणि सात नान वाळून कडक झाले होते. टेबल पुसणाऱ्या पोऱ्याने येऊन ते सगळं एकाच टबात उपडं केलं. सासूबाई आमच्यासोबत होत्या. 1972 च्या दुष्काळात त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाऊन घराने दिवस काढले होते. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, पण टब आत जाईपर्यंत त्यांची नजर त्याच्यावरून हलली नाही. त्या दिवसापासून मी ऑर्डर द्यायला नव्याने शिकले. जे जमलं ते पायरीपायरीने सांगते.

1. आधी विचारा: एक प्लेट किती जणांना पुरते?

हा प्रश्न विचारायला आपण कचरतो, पण वेटरला तो रोजचाच असतो. आपल्याकडे एका प्लेटमध्ये किती भाजी असावी याचं काही ठरलेलं माप नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांनी पोर्शनचं प्रमाण ठरवावं असा विषय काढला होता. त्यावर चार दिवस चर्चा झाली, पण मेन्यूकार्डं होती तशीच राहिली. त्यामुळे एका हॉटेलातली ‘पनीर हंडी’ दोघांना जेमतेम होते आणि समोरच्या हॉटेलातली तीच हंडी चौघांना भारी पडते.

पोर्शन मोठे का असतात तेही समजून घ्या. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही आणि काजू-मगजची पांढरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार असते. हॉटेलवाल्याचा खरा खर्च जागेचं भाडं, गॅस आणि माणसांच्या पगारावर होतो. एक डाव ग्रेव्ही जास्त घालणं त्याला फारसं महाग पडत नाही. उलट ‘तिथे क्वांटिटी चांगली देतात’ असं गिऱ्हाईक चार लोकांना सांगतं, आणि ती जाहिरात त्याला हवीच असते.

म्हणून नेमकं विचारा. स्टार्टर असेल तर पीस किती येतात, कारण स्वयंपाकघरात मोजून भरलं जातं ते तेवढंच. भाजी असेल तर हाफ मिळते का. सूप असेल तर सरळ ‘वन बाय टू’ सांगा. एक सूप दोन वाट्यांत आणून देणं हे आपल्याकडच्या हॉटेलांत इतकं रुळलंय की कुणी वळूनही बघत नाही. डाळ-भातात हाफ बहुतेक ठिकाणी मिळतो. पनीर-चिकनच्या भाज्यांत कार्डावर हाफ लिहिलेला नसला तरी विचारून पाहा, गर्दीची वेळ नसेल तर कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा वेटरांचा प्रमुख, करून देतो. शेजारच्या टेबलावर तीच भाजी आली असेल तर भांड्याचा आकार एकदा डोळ्यांखालून घाला.

2. माणसं मोजा, मग त्यातून कमी करा

2020 च्या ऑगस्टमध्ये चीनच्या वुहान शहरातल्या हॉटेलचालकांच्या संघटनेने एक साधा नियम सुचवला: जितकी माणसं, त्यापेक्षा एक पदार्थ कमी मागवायचा. तिथेही पाहुण्यासमोर टेबल ओसंडून वाहिलं नाही तर यजमानाची मान खाली जाते. पुढच्या वर्षी चीनमध्ये कायदाच झाला, आणि गिऱ्हाइकाला गरजेपेक्षा जास्त मागवायला लावणाऱ्या हॉटेलला दंड करायची तरतूद त्यात आली.

आपल्या जेवणाला मात्र ‘एक कमी’ पुरेसं नाही. आपली भाजी दाट, वर तूप-लोणी, सोबत रोटी, आणि शेवटी भात हवाच. माझा आता हात बसलाय तो असा: चार मोठ्या माणसांना दोन भाज्या, एक हाफ डाळ, एक भात. सहा जणांना तीन भाज्या, एक डाळ, आणि भात एक किंवा फार तर दोन. आधी स्टार्टर घेतलं असेल तर यातली एक भाजी खुशाल कमी करा. बिर्याणी मागवायची असेल तर तिच्यासोबत रोटी-भाजीचं पूर्ण जेवण धरू नका, कारण नेमकी तीच ताटं अर्धी राहतात.

3. ऑर्डर दोनदा द्या

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पहिल्यांदा भाज्या आणि माणशी एकच रोटी सांगा. तंदूरची रोटी पाच-दहा मिनिटांत येते, आणि गरम येते हा वेगळा फायदा. एकदम बारा नान मागवले की शेवटचे चार चामड्यासारखे होतात आणि ते कुणी खात नाही. भात तर भाज्या निम्म्या झाल्याशिवाय सांगूच नका. भाताची भूक किती उरलीय हे तोवर कुणालाच माहीत नसतं.

कॅप्टन म्हणेल, ‘आत्ताच सांगा, नंतर वेळ लागेल.’ त्याचंही खरं असतं. गर्दीत एकेक चिठ्ठी आत पाठवायला त्याला त्रास होतो. त्याला म्हणावं, ‘दहा मिनिटं लागली तरी चालेल, आम्ही बसलोय.’ तेवढ्यावर तो ऐकतो. आणि एखादा पदार्थ नको झालाच, तर ताबडतोब सांगा. चिठ्ठी आत गेली आणि कढई चढली की परत नाही.

काही वर्षांपूर्वी पाणीटंचाईत पुण्यातल्या बऱ्याच हॉटेलांनी ग्लास अर्धाच भरून द्यायला सुरुवात केली होती. हवं त्याने परत मागावं. त्यात कुणाचा अपमान झाला नाही, आणि कुणी तहानलेलंही राहिलं नाही. रोटी-भाताचंही तसंच चालतं.

4. यजमान तुम्ही असाल तर

खरी अडचण इथे आहे. पाहुण्यांना जेवायला नेलं आणि मोजून मागवलं तर ते काय म्हणतील! आपल्याकडे पंगतीत आग्रह करून वाढायची पद्धत होती, आणि तिच्यात माया होती. पण पंगतीत वाढपी पातेलं घेऊन फिरायचा आणि पातेल्यात उरलेलं घरच्यांच्या उपयोगी पडायचं. हॉटेलच्या टेबलावर आलेलं परत पातेल्यात जात नाही. तिथे आग्रहाची जागा बदलायला हवी. पदार्थांची संख्या वाढवण्यापेक्षा पाहुण्याला काय आवडतं ते विचारा आणि तेवढंच उत्तम मागवा.

शब्द मी असे वापरते: ‘काका, आधी एवढं सांगूया, गरम गरम येऊ दे, मग लागेल तसं मागवू.’ यात कंजूषपणा कुणाला दिसत नाही, कारण पुढे मागवायचं दार उघडं असतं. जेवणाच्या मध्यावर एकदा मनापासून विचारा, ‘अजून काय सांगू?’ बहुतेक वेळा उत्तर ‘बास’ असंच येतं.

मुलांसाठी वेगळी पूर्ण प्लेट मागवू नका. पाच-सहा वर्षांचं मूल चार घास पास्ता खातं, मग खेळायला पळतं. आणि मग घराघरांत जे होतं तेच होतं: ती उरलेली प्लेट आईसमोर सरकते. तिचं पोट भरलेलं असतं, पण ‘टाकायचं कसं’ म्हणून ती संपवते. वर्षानुवर्षं ती असं संपवत राहते आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. समोर जास्त वाढलं की माणूस नकळत जास्त खातो, हे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं. छोट्या पोर्शनच्या दुप्पट मॅकरोनी पुढे ठेवली तेव्हा लोकांनी जवळपास 30 टक्के जास्त खाल्लं. तेव्हा पोटात कोंबून ‘वाचवलेलं’ अन्न वाया गेलं नाही असं मी धरत नाही. ते तब्येतीच्या खात्यात जातं. ‘संपव आता’ असं कुणालाही म्हणू नका, आईला तर नाहीच.

5. अनलिमिटेड थाळीत हात आडवा धरा

थाळीवाल्याकडे पार्सल मिळत नाही, आणि ताटात टाकलं तर दंड अशा पाट्याही अनेक ठिकाणी दिसतात. वाढपी भराभर येतात. तुम्ही बोलत असता तोवर ढोकळा, दोन भाज्या, कढी, पुरी वाढून तो पुढे गेलेला असतो. पहिल्या फेरीला ताटावर आडवा हात धरून ‘चवीपुरतं’ म्हणा. आवडेल ते दुसऱ्यांदा भरपूर घ्या, ते तर तुमच्या पैशांतच आहे. जे अजिबात खात नाही ती वाटीच उचलून द्या, म्हणजे चुकूनही भरली जाणार नाही.

6. भांड्यातलं उष्टं होऊ देऊ नका

घरी नेण्याची तयारी जेवण सुरू होतानाच करायची असते. भांड्यातली भाजी चमच्यानेच वाढून घ्या, रोटीचा तुकडा थेट भांड्यात बुडवू नका. भांडं स्वच्छ राहिलं तर उरलेलं पार्सल करायला कुणाला किळस वाटत नाही, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं झालं तरी मान खाली घालावी लागत नाही.

पार्सल मागायची लाज सोडा. फ्रान्ससारख्या देशात ही लाज आपल्याहून जास्त होती. तिथे 2021 च्या जुलैपासून गिऱ्हाइकाने मागितल्यास डबा देणं हॉटेलांवर बंधनकारक आहे. मी पिशवीत स्टीलचे दोन डबे ठेवते. गरम ग्रेव्ही पातळ प्लास्टिकमध्ये नेण्यापेक्षा ते बरं, आणि पार्सलचे पैसेही वाचतात. पापड, कोशिंबीर, तळलेले स्टार्टर नेऊ नका, ते घरी जाऊन मऊ पडतात आणि टाकलेच जातात. ते टेबलावरच संपतील इतके मागवा.

7. घरी आणल्यावर

2022 मध्ये जगभर 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घराघरांतून गेलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो. हॉटेलं-केटरिंगचा वाटा 28 टक्के होता. हॉटेलातून आणलेला डबा फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सरकला आणि चार दिवसांनी टाकला, तर आपण फक्त टाकायची जागा बदलली.

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एक तासही पुष्कळ झाला. जेवणानंतर सिनेमाला जाणार असाल तर पार्सल नेऊच नका. भाताबाबत जास्त जपा. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. घरी येताच पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच.

दुसऱ्या दिवशीचं आपल्याला कुणी शिकवायला नको. जिरा राइसचा फोडणीचा भात होतो. रोट्या कुस्करून कांदा-मोहरीच्या फोडणीवर परतल्या की फोडणीची पोळी. दाल तडका भाजणीत घालून थालीपीठं लावा, वेगळं मीठ-तिखट लागत नाही.

8. दुसऱ्याला द्यायचं असेल तर

फक्त हात न लागलेलं द्या, आणि त्याच रात्री, गरम असताना. पंचवीस-तीस माणसांची पार्टी असेल तर ‘गॅरंटी किती प्लेट?’ असं हॉटेलवाला विचारतो, तेव्हा येणाऱ्यांना फोन करूनच आकडा सांगा. तरी उरेल असं वाटलं तर संस्थेशी दुपारीच बोलून ठेवा. मुंबईत माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक आहे, आणि 2014 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीचे स्वयंसेवक अनेक शहरांत आहेत. रात्री साडेअकराला अचानक फोन केला तर ते तरी गाडी कुठून आणणार.

वाटेत कुणा एका माणसाला द्यायचं असेल, तर आधी ‘जेवलात का?’ असं विचारा आणि डब्यात काय आहे ते सांगा, विशेषतः मटण-चिकन असेल तर. सोबत पाण्याची बाटली आणि एक चमचा द्या.