जुना ॲनिमेशन सेल हातात आला की पुसायला घेऊ नका, आधी वास घ्या

हाताने रंगवलेला ॲनिमेशन सेल (कार्टूनचं चित्र काढलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) मिळाला की आपण काय करतो, धूळ दिसते म्हणून कापड घेऊन पुसायला बसतो, आणि तिथंच वाट लागते. रंग असतो मागच्या बाजूला, शाईच्या रेषा पुढच्या बाजूला, त्यामुळे कुठूनही घासलं तरी काहीतरी निघणारच. नायट्राइल ग्लोव्ह्ज घालून कडेनं धरा आणि वास घ्या.

व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट, म्हणजे सेलचं प्लास्टिक, सडायला लागलंय. यातून जे ॲसिड सुटतं तेच सडणं आणखी वाढवतं, म्हणून असा सेल बाकीच्यांपासून लगेच वेगळा काढा आणि हवाबंद पिशवीत कोंबू नका (मी पण आधी हेच करायचो, वाटायचं हवा लागली नाही की टिकेल, झालं उलटंच). नाकावर भरवसा नसेल तर ए-डी स्ट्रिप्स (ॲसिडनं रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या) मिळतात, सेलच्या डब्यात दिवसभर ठेवायच्या, निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होत गेल्या की ॲसिड वाढतंय.

1940च्या दशकापर्यंतचे बरेच सेल मात्र नायट्रेट नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकचे, ते भयंकर पेट घेतात. खात्री करायला कोपरा जाळून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका! पिवळा, चिकट झालेला जुना सेल असेल तर उष्णतेपासून लांब ठेवून सरळ कॉन्झर्व्हेटरला (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारा.

आता रंगाचं. हवा फार कोरडी झाली की सेल वाकतो, रंगाला तडे जाऊन पोपडे सुटतात, आणि फार दमट झाली की रंग चिकट होऊन समोर येईल त्याला धरतो. साधारण 40 ते 50 टक्के आर्द्रता बरी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती सारखी वरखाली व्हायला नको. म्हणून माळा नको, बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. पोपडा सुटला तर गोंद अजिबात लावू नका. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट (कलावस्तूंच्या जतनावर काम करणारी अमेरिकन संस्था) आणि डिस्नेच्या संशोधनात दिसलंय की आर्द्रता हळूहळू वाढवून सुटलेला रंग परत बसवता येतो, पण ते लॅबमधलं काम, घरी वाफ देऊन बघायचं नाही. जपानी सेलला मागे पेन्सिलचं ड्रॉइंग चिकटलेलं असतं बरेचदा, ते ओढून काढलं की रंगही त्याच्याबरोबर येतो, तेव्हा राहू दे तसंच.

ठेवताना आडवे ठेवा, थेट एकावर एक नको, मध्ये ॲसिड-फ्री कागद, पीव्हीसीची कव्हरं तर मुळीच नकोत. फ्रेम करायचा असेल तर काच सेलला टेकता कामा नये, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच. यूव्ही किरण अडवणारी काच घेतली तरी उन्हात टांगू नका, कारण नुसत्या उजेडानंही रंग उडतो.

फिल्मच्या रिळांनाही वासाचा नियम तोच. थंडीत ठेवलेला डबा बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर आत दव धरतं.