वायरिंगचं कोटेशन युनिटांत मोजताना

घराचं वायरिंग बदलायचं ठरलं तेव्हा वायरमनने चार पानी कोटेशन हातात ठेवलं. अर्थिंग, नवी डीबी (घरभर लाइनी वाटणारी मुख्य पेटी), पाच पंखे, गिझरची वेगळी लाइन, जाड वायर. आणि निम्म्या ओळींवर बोट ठेवत एकच वाक्य: "ताई, बिल कमी येईल." मी आयुष्यभर लोकांच्या जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या. "कमी येईल" म्हटलं की "किती?" हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं, कारण आमच्या घरात एक युनिट वाचलं तर नेमके किती पैसे वाचतात, हे मी कधी काढलंच नव्हतं.

काढायला बसले आणि पहिल्याच पायरीला चुकले. बिलाची रक्कम घेतली, तिला युनिटांनी भागलं, आलेला आकडा दर म्हणून लिहून टाकला. त्या रकमेत स्थिर आकार असतो. घराला कुलूप लावून गेलात तरी तो भरावाच लागतो, म्हणजे बचतीशी त्याचा संबंध नाही. शिवाय आमचा दर टप्प्याटप्प्याने चढणारा. पहिली युनिटं स्वस्त, वरची महाग. वापर कमी झाला की कापली जातात ती सगळ्यात वरची, महागडी युनिटं. त्यामुळे हिशेबाला लागतो तो वरच्या टप्प्याचा दर, सरासरी नव्हे.

तो काढायची सोपी रीत अशी. दर तोच असलेल्या काळातली दोन बिलं घ्या, एक जास्त वापराचं आणि एक थोड्या कमी वापराचं, पण दोन्हींचा वापर वरच्याच टप्प्यात पोचलेला हवा. रकमांची वजाबाकी करा, युनिटांची वजाबाकी करा, पहिलीला दुसरीने भागा. स्थिर आकार दोन्हीकडे सारखा असल्याने वजाबाकीत उडून जातो, युनिटांवर लागणारा कर मात्र बरोबर आत राहतो. माझा हा आकडा सरासरीच्या जवळजवळ दीडपट निघाला. सरासरीच्या भरवशावर मी हॉलचा पंखा "परवडत नाही" म्हणून खोडून बसले होते!

मग कोटेशनमधली बचतीच्या नावाखाली आलेली प्रत्येक रक्कम या दराने भागली. आता पान पैशांत नाही, युनिटांत वाचता येऊ लागलं. एका नव्या पंख्याची किंमत पडली सुमारे 400 युनिटं. जुना पंखा 75 वॅटचा, नवा कमी विजेचा 30 वॅटचा, म्हणजे 45 वॅटची बचत. 1000 वॅट तासभर चालले की एक युनिट, म्हणून 45 वॅटचं तासाला 0.045 युनिट. हॉलमध्ये पंखा दिवसाला 14 तास, वर्षातले 300 दिवस फिरतो: 0.045 गुणिले 14 गुणिले 300, म्हणजे 189 युनिटं. दोन वर्षांत पैसे वसूल. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा सरासरी तासभर लागतो, तिथे बचत वर्षाला साडेतेरा युनिटं आणि वसुलीला तीस वर्षं. पाचांपैकी तीन पंखे बदलले, दोन जुनेच राहिले. वायरमनला ते जोडीला विजोड दिसले. दिसू देत.

एक बारकी गोष्ट इथेच. बचत वाढत गेली की तुम्ही खालच्या टप्प्यात उतरता आणि पुढचं प्रत्येक युनिट कमी पैसे वाचवतं. म्हणून सगळ्यात जास्त तास चालणारी वस्तू आधी धरा, आणि यादीच्या शेपटाकडच्या वस्तूंना खालचा दर लावून बघा. त्यातल्या बऱ्याच तिथेच गळतात.

जाड वायरीचा मुद्दा मला आवडला होता, म्हणून जरा खोलात गेले. वायरीत तापून वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. इंग्रज शास्त्रज्ञ जूलने हे 1841 मध्येच मांडलं. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण 12 ओहम, अडीच एमएमचा साधारण 7.4. आमचा गिझर 2000 वॅटचा, 230 व्होल्टला जवळजवळ 8.7 अँपिअर घेतो. डीबीपासून 20 मीटर, जाऊन-येऊन 40 मीटर वायर. दीड एमएममध्ये सुमारे 37 वॅट वाया, अडीचमध्ये सुमारे 22. फरक 15 वॅटचा. रोज तासभर गिझर चालला तर वर्षाला साडेपाच युनिटं! एवढ्यासाठी कोणी जाड वायर घालत नाही. आम्ही अडीचचीच घातली, पण वायर तापू नये म्हणून. बिलाचं कारण मी कोटेशनवरून खोडायला लावलं.

अर्थिंग, भार जास्त झाला की लाइन तोडणारी एमसीबी, शॉकपासून वाचवणारी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, कडक होऊन तडकलेल्या जुन्या वायरी: या ओळींना दर लावायचाच नाही. त्यांनी एकही युनिट वाचत नाही आणि तरी बजेटमध्ये पहिला हात त्यांच्यावरच ठेवायचा. उरलेल्या पैशांची भांडणं पंख्या-दिव्यांनी आपसांत करावीत.

गिझरबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. जास्त वॅटचा गिझर जास्त वीज खातो असं नाही. तो तेवढंच काम लवकर उरकतो. 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण 0.44 युनिट लागणारच, मग कॉइल कितीही वॅटची असो. फरक पडतो तो वायरीला आणि मंजूर भाराला, म्हणजे वीज कंपनीने घराला एका वेळी वापरायला मंजूर केलेल्या किलोवॅटना. 3000 वॅटचा गिझर 13 अँपिअर ओढतो. तो, एसी आणि इंडक्शन एकदम चालवायचा विचार असेल तर मंजूर भार वाढवावा लागू शकतो, आणि भारानुसार स्थिर आकार ठरत असेल तर तोही वाढतो. ही वाढ दरमहा, कायमची. कोटेशनमध्ये ती कुठेच लिहिलेली नसते, म्हणून बारा महिन्यांची रक्कम मी माझ्या हाताने खाली मांडली.

दिवसाच्या वेळेनुसार दर बदलत असेल तर गिझरची वेगळी लाइन आणि तिच्यावर टायमर याला अर्थ येतो. तसा दर आज नसला तरी लाइन वेगळी काढून ठेवायला हरकत नाही. भिंती एकदाच फोडायच्या असतात. त्याच न्यायाने पुढच्या वायरींसाठी भिंतीत एक पाइप रिकामा टाकून घेतला. रिकाम्या पाइपची किंमत किरकोळ, नंतर भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पुन्हा प्लास्टर-रंग करण्याची मात्र नाही.

सगळ्यात स्वस्त बचत कोटेशनमध्ये नव्हतीच, ती मीटरने दाखवली. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. आमच्याकडे 3200. एका रात्री फ्रिजची पिन काढली, दिवे-पंखे बंद केले, बाकी घर रोजच्यासारखं ठेवलं आणि घड्याळ घेऊन मीटरपुढे उभी राहिले. दहा मिनिटांत 16 वेळा. तासाला 96, म्हणजे 0.03 युनिट: काहीही चालू नसताना 30 वॅट. त्यातले 22 टीव्हीच्या कोपऱ्यातले निघाले, सेटटॉप बॉक्स आणि जुनी म्युझिक सिस्टीम. त्यांचा स्विच कपाटाच्या मागे होता, म्हणून तो कोणी कधी बंदच करत नसे. दिवसाचे 20 तास धरले तर वर्षाला 160 युनिटं, जवळजवळ हॉलच्या पंख्याच्या बचतीएवढी. भिंत फुटणारच होती, तो पॉइंट दाराजवळ हाताच्या उंचीवर आणून घेतला. त्यामुळे तुम्हाला सांगते, बोर्डांच्या जागा ठरवण्याआधी ही रात्रीची मोजणी करा. नंतर केलीत तर हळहळ तेवढी उरेल.

शेवटी एकदा तोच हिशेब दर दहा टक्क्यांनी वाढला असं धरून आणि एकदा तेवढाच घटला असं धरून करा. दोन्हीकडे निर्णय तोच राहिला तर काम करून टाका. बदलत असेल तर ती वस्तू तूर्त बाजूला ठेवा. पंखा काय, दोन वर्षांनीही बदलता येतो.

काम झाल्यावर बिलाची रक्कम बघून खूश किंवा नाराज होऊ नका, मध्ये दर बदललेला असू शकतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची युनिटं काढून शेजारी ठेवा. मी तीही ठेवली आहेत, पण त्याआधी पुन्हा एका रात्री मीटरपुढे जाऊन उभी राहिले. दहा मिनिटांत चार वेळा. तो राउटर.