क्रूझवरचं जैन, उपवासाचं आणि पथ्याचं जेवण: काय, कधी आणि कुणाला सांगायचं

कोल्हापूर, जयसिंगपूर, इचलकरंजी या पट्ट्यातून क्रूझला निघणाऱ्या घरांत कंदमूळ वर्ज्य असलेले, सूर्यास्तानंतर न जेवणारे, चतुर्थी-एकादशी पाळणारे आणि शुगरच्या गोळ्या घेणारे असे सगळे एकाच बुकिंगवर असतात. एजंट सांगतो, "जेवणाची काळजी करू नका, सगळं मिळतं." मिळतं हे खरं, पण आधी सांगितलं असेल तरच. जहाजाचा बहुतेक किराणा निघायच्या बंदरावरच भरला जातो. मधल्या बंदरावर कुणी तुमच्यासाठी कच्ची केळी आणायला उतरत नाही. रोजचा स्वयंपाकही आदल्या रात्री ठरलेल्या यादीप्रमाणे होतो. हे दोन मुद्दे डोक्यात ठेवले की पुढचं सगळं सोपं जातं.

बुकिंग करताना

आहाराची नोंद प्रत्येक प्रवाशाच्या नावावर वेगळी करायची असते. आजींचं जैन जेवण नातवाच्या नावावर नोंदलं गेलं, तर टेबलावर ते नातवापुढे येतं. मोठ्या परदेशी कंपन्या खास आहारासाठी साधारण दीड महिना आधी लेखी कळवायला सांगतात. काही मार्गांवर ही मुदत तीन महिन्यांपर्यंत जाते. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची करणाऱ्या भारतीय जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण नेहमीचंच असतं, तरीही नोंद हवीच. एजंटने "कळवलंय" म्हटलं तर कंपनीकडून आलेल्या ईमेलची प्रत मागून घ्या. त्यात बुकिंग नंबर, प्रवाशाचं नाव आणि आहाराचा प्रकार या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत.

जेवणाची वेळही तेव्हाच निवडा. मुख्य डायनिंग हॉलमध्ये बहुतेक जहाजांवर दोन पंगती असतात, पहिली सहाच्या आसपास आणि दुसरी साडेआठच्या आसपास. चौविहार पाळणाऱ्यांनी (सूर्यास्तानंतर काहीही न खाणाऱ्या-पिणाऱ्यांनी) पहिली घ्यावी, पण तेवढ्यावर विसंबू नये. डिसेंबरात मुंबईजवळ सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे टेबलावर सूप येईपर्यंत वेळ टळलेली असते. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर ही अडचण कमी, कारण तिथे सूर्यास्त वर्षभर सातच्या आगेमागे असतो. मुंबईच्या फेरीत पाच-सव्वापाचला बुफेच्या शेफकडून ताट मिळेल का, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. जहाज पूर्वेला किंवा पश्चिमेला जात असेल तर घड्याळं पुढे-मागे केली जातात. म्हणून सूर्यास्ताची वेळ रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहा. तिथे नसेल तर रिसेप्शनला विचारा. कोल्हापूरचं पंचांग तिथे उपयोगी पडत नाही.

आहाराचं कार्ड

नुसतं "जैन" म्हणून भागत नाही. जहाजाच्या स्वयंपाकघरात गोव्याचे, केरळचे आचारी बरेच असतात, पण ताट वाढणारा वेटर फिलिपिन्सचा किंवा इंडोनेशियाचा असू शकतो. "व्हेज" म्हटलं की अनेकांच्या हिशेबात अंडं बसतं. "व्हेगन" म्हटलं तर दूध-दही जातं आणि कांदा-लसूण तसाच राहतो. म्हणून पदार्थांची नावं लिहा. पोस्टकार्डाएवढं कार्ड इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत छापा आणि त्याच्या पाच-सहा प्रती काढा. त्यावर या क्रमाने ओळी हव्यात:

नो मीट, नो फिश, नो एग, नो जिलेटिन.
नो ओनियन, नो गार्लिक, नो लीक, नो स्प्रिंग ओनियन.
नो पोटॅटो, कॅरट, बीटरूट, रॅडिश, फ्रेश जिंजर.
नो मशरूम, नो हनी.
ओके: राइस, लेंटिल्स, पनीर, मिल्क, योगर्ट, बटर, टोमॅटो, कॅप्सिकम, कॅबेज, पीज.

शेवटची "ओके" ओळ सोडू नका. काय चालत नाही एवढंच कळलेला आचारी घाबरून उकडलेल्या भाज्या आणि पांढरा भात देतो. हळद आणि सुंठ चालत असेल तर तेही स्पष्ट लिहा, नाहीतर मूळ म्हणून हळदसुद्धा वगळतात आणि डाळ फिकी येते. फ्लॉवर, वांगं यांचं जसं तुमच्या घरी असेल तसं लिहा, कारण यात घरोघरी फरक असतो.

जहाजावर पहिल्या दुपारी

चढल्याबरोबर सगळे बुफेकडे धावतात. त्याच वेळेत एकाने मुख्य डायनिंग हॉलमध्ये जाऊन हेड वेटरला भेटावं. त्याचा काही जहाजांवरचा हुद्दा "मेत्र द" असा ऐकू येतो. कार्ड दाखवा, टेबल नंबर सांगा आणि नोंद त्याच्या यादीत आली का ते डोळ्यांनी पाहा. मग रोज रात्रीचं जेवण संपताना त्याच्याकडून दुसऱ्या दिवशीचा मेनू मागून घ्या आणि नाश्ता, दुपार, रात्र तिन्ही वेळांचे पदार्थ ठरवून द्या.

हे आदल्या रात्रीच का करायचं? भारतीय भाज्यांची ग्रेव्ही तिथे सकाळी मोठ्या पातेल्यात एकदम होते आणि तिच्या तळाशी कांदा-लसूण परतलेला असतो. दुपारी एक वाजता "माझ्यात कांदा नको" म्हटलं तर ती ग्रेव्ही काही परत फिरत नाही. आदल्या रात्री सांगितलं तर टोमॅटो, काजू आणि दह्याची वेगळी ग्रेव्ही लहान पातेल्यात होते. डाळीचंही तसंच. फोडणी घालण्याआधी एक वाटी बाजूला काढून ठेवायला आचाऱ्याला दोन मिनिटं लागतात, पण ते त्याला त्या वेळी माहीत हवं.

वेळ लवचिक असलेली व्यवस्था घेतली असेल तर रोज त्याच वेटरचा भाग मागा. एकाच वेटरकडे चार दिवस जेवलात की तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःहून सांगू लागतो की आजच्या सूपमध्ये काय आहे.

उकळलेलं पाणी पिणाऱ्यांनी स्टीलचा एक लिटरचा थर्मास न्यावा. जहाजावरचं पाणी समुद्राच्या पाण्यापासून तयार केलेलं किंवा बंदरावर भरलेलं आणि क्लोरिन घातलेलं असतं, पिण्यासारखं असतं, पण उकळलेलं नसतं. डायनिंग हॉलमध्ये किंवा बुफेच्या चहा-कॉफीच्या जागी गरम पाणी भरून मिळतं. ते नुसतं गरम आहे की उकळलेलं, हे विचारून घ्या.

उपवास

"फास्टिंग" हा शब्द तिथे कामाचा नाही. ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही काहीच खाणार नाही. पदार्थ सांगा: फळं, दूध, दही, मीठ-जिरं घातलेला उकडलेला बटाटा, भाजलेले शेंगदाणे. साबुदाणा, वरी, राजगिरा परदेशी जहाजावर गृहीत धरू नका. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, सैंधव मीठ यांची कारखान्यात सीलबंद केलेली, छापील लेबल असलेली पाकिटं न्या. घरचे डबे बऱ्याच कंपन्या चढतानाच काढून ठेवतात. सीलबंद भडंग जहाजावर नेता येतो. पण त्यात लसूण आणि शेंगदाणे दोन्ही असतात, हे शेजारच्याला देताना सांगायला विसरू नका. उरलेलं खाणं परदेशी बंदरावर खिशात घालून उतरू नका. फळं, बिया, दुधाचे पदार्थ, मांस यांवर अनेक देशांत बंदी असते आणि दंड होतो. सिंगापूरला च्युइंग गम नेऊ नका.

न दिसणारे पदार्थ

व्हेजिटेबल सूप बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात उकळलेलं असतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये छोटे मासे असतात. थाई कढीत फिश सॉस असतो. मूस, पन्ना कोट्टा, मार्शमॅलो यांत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून होतं. परमेसान चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतं. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात बहुधा नसतं. फ्रेंच फ्राइज आणि कोळंबी बऱ्याचदा एकाच कढईत तळतात, म्हणून "तेल वेगळं आहे का?" हा प्रश्न शाकाहारी, हलाल पाळणारे आणि अ‍ॅलर्जी असलेले या तिघांनीही विचारायचा.

मांसाहार करणाऱ्यांनाही नावं माहीत हवीत. बेकन, हॅम, प्रोशूतो, पँचेटा ही डुकराची. पेपरोनी बहुधा डुकराची किंवा गाय-डुकराची मिसळ. व्हील म्हणजे वासराचं, ब्रेसाओला आणि ब्रिस्केट गाईचं. आणि तांबड्या रश्शाची अपेक्षा घरी ठेवून जा. तिखट हवं असेल तर चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू वेगळ्या वाटीत मागा. शेफला "अजून तिखट करा" म्हणण्यापेक्षा हे लवकर मिळतं आणि चवही बिघडत नाही.

अ‍ॅलर्जी आणि मधुमेह

आवडनिवड आणि अ‍ॅलर्जी एकाच सुरात सांगू नका. कांदा आवडत नाही म्हणून "अ‍ॅलर्जी आहे" असं खोटं सांगितलं तर स्वयंपाकघरात वेगळी पाटी, वेगळा सुरा, वेगळी कढई असा सगळा खटाटोप सुरू होतो. मग तुम्हीच कांदाभजी खाताना दिसलात की पुढच्या खऱ्या रुग्णाचं बोलणं हलकं घेतलं जातं. धर्म किंवा व्रत हे कारण पुरेसं आहे, तसंच सांगा.

खरी अ‍ॅलर्जी असेल तर बुफे टाळा. चिमटे एका भांड्यातून दुसऱ्यात जातात आणि पाटीवरचं नाव बरोबर असूनही पदार्थ बाधतो. युरोपच्या नियमांत 14 पदार्थ नोंदवायचे असतात, त्यांत शेंगदाणे आणि तिळाबरोबर मोहरीही आहे. आपल्याकडे मोहरीची कुणी दखलच घेत नाही, कारण ती प्रत्येक फोडणीत असते. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात तीळ असतात, हे त्याची बाटली टेबलावर उघडण्याआधी लक्षात ठेवा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते केबिनमध्ये नको, जेवताना जवळ हवं.

इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर जमा होतात आणि केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. केबिनमधला छोटा फ्रीज बऱ्याच जहाजांवर नुसता गार ठेवणारा असतो, त्याच्या तापमानाचा भरवसा नाही. औषधासाठी वेगळा फ्रीज आणि वापरलेल्या सुयांसाठी डबा केबिन स्टुअर्डकडे (खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) मागता येतो. सुई कचऱ्याच्या बादलीत टाकू नका, ती पिशवी कुणीतरी हाताने उचलणार असतं. जेवण तीन-चार टप्प्यांत येतं आणि दीड तास चालतं, त्यामुळे टेबलावर बसल्याबरोबर इन्सुलिन घेऊ नका. मुख्य पदार्थ कधी येणार ते वेटरला विचारून घ्या.

रीतभात

ठरलेल्या पंगतीला वेळेवर जा. पंधरा-वीस मिनिटांनंतर दार बंद होऊ शकतं आणि टेबलावरचे इतर लोक तुमच्यासाठी ताटकळतात. त्या रात्री बाहेर जेवणार असाल तर खास जेवण सांगितलेल्यांनी आदल्या दिवशीच कळवा. तुमच्यासाठी वेगळं शिजवलेलं ते ताट दुसऱ्या कुणाला देता येत नाही. वेटरला चुटकी वाजवून किंवा "शुक शुक" करून बोलावू नका, त्याचं नाव छातीवरच्या पट्टीवर असतं. तीस जणांचा गट असला तरी टेबलं ओढून जोडू नका. पुष्कळदा ती जमिनीला पक्की केलेली असतात आणि वाटा मोकळ्या राहणं आगीच्या वेळी गरजेचं असतं. पोळी हाताने खायला काहीच हरकत नाही.

बुफेवर प्रत्येक फेरीला नवी ताटली घ्या, हाताने काही उचलू नका आणि घेतलेलं परत ठेवू नका. आत जाण्यापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुवा. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसत्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. उलट्या-जुलाब झाले तर लपवू नका, दवाखान्याला फोन करा. एक-दोन दिवस केबिनमध्ये थांबायला सांगतील. तेवढ्याने इतर वाचतात, आणि पथ्याचं जेवण खोलीत पाठवण्याची सोय होते.

निघण्याआधीची सुरक्षेची कवायत सगळ्यांनी करायचीच असते, आजी-आजोबांनीही. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा. आपली जमायची जागा केबिनच्या कार्डावर छापलेली असते.

केबिनमध्ये उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती लावू नका. इस्त्री, पाण्याची किटली, हीटरचा रॉड, छोटा कुकर हे चढतानाच काढून घेतात. समुद्राला फुलं, नारळ, निर्माल्य अर्पण करण्याची इच्छा अनेकांना होते, पण जहाजावरून प्रवाशाने काहीही टाकणं मना आहे. हात जोडा आणि फुलं स्टुअर्डकडे द्या. तंबाखू खाणाऱ्यांनी रेलिंगवरून थुंकू नये. वारा ते खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत नेतो. कातडी तळाची कोल्हापुरी चप्पल ओल्या डेकवर घसरते आणि खाऱ्या पाण्याने फुगते. ती साडीवर, औपचारिक जेवणाच्या रात्री घाला. डेकवर रबरी तळाची घाला.

परदेशी कंपन्यांच्या जहाजावर टिप रोज माणशी साधारण 16 ते 20 डॉलर खात्यावर आपोआप लागते. खास जेवणासाठी धावपळ केलेल्या वेटरला आणि हेड वेटरला वेगळं पाकीट द्यायचं असेल तर शेवटच्या रात्रीच द्या, सकाळी त्यांची गाठ पडेलच असं नाही. त्याच रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा औषधं आणि सकाळपुरता खाऊ त्यात जाऊ देऊ नका. शेवटच्या सकाळी डायनिंग हॉल लवकर आटोपतो आणि खास ऑर्डर बहुतेक घेतली जात नाही. जैन आणि उपवासाच्या मंडळींनी फळं, दूध आणि टोस्ट आदल्या रात्रीच सांगून ठेवावेत; टोस्टमध्ये अंडं नाही ना, हे पुन्हा एकदा विचारूनच.