कपाशीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क

धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जून-जुलैत निंबोळ्या पडतात, त्या तेव्हाच वेचा. गर धुऊन बिया सावलीत खडखडीत वाळवा. ओलसर बी पोत्यात भरलं की बुरशी धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. जुनं बीही नको, वर्षभरानंतर त्याचा कस उतरतो.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ५ किलो बी कुटून ९ लिटर पाण्यात भिजवा. पीठ अगदी बारीक केलं तर तेल सुटून गोळा होतो, भरडच बरं. २०० ग्रॅम साधा साबण १ लिटर पाण्यात वेगळा विरघळवा. सकाळी अर्क दुहेरी फडक्यातून पिळून गाळा (नोझल तुंबतं ते इथल्या घाईमुळेच), साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा.

फवारणी त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर. उन्हात अझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य) लवकर निकामी होतं. मावा-तुडतुडे पानाखाली बसतात, म्हणून नोझल खालून वर धरा.

किडी लगेच मरत नाहीत. त्यांचं खाणं आणि वाढ थांबते. त्यामुळे कीड थोडी असतानाच फवारा. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत हा अर्क पोहोचत नाही.